हस्तकलेचं टपाल हशील

अर्ध्या किलोचं पुस्तक ‘ज्ञान पोस्ट’ने कोल्हापूरहून कोलकात्याला पाठवायला 25 रुपये आणि वर कर लागतो. तेवढ्याच वजनाची कागदपत्रं स्पीड पोस्टने त्याच पत्त्यावर धाडली तर 86 रुपये आणि कर. आणि त्याच वजनाची हाताने भरलेली बंजारा पिशवी पाठवायची असेल तर? तिला पुस्तकाचा दर मिळत नाही, कागदपत्रांचाही मिळत नाही. ती ‘पार्सल’ होते, आणि पार्सलच्या जगात तिचा शेजार असतो मिक्सरचा, मोबाइलचा, बुटांच्या खोक्यांचा. हा शेजारच तिला परवडत नाही. घरातून, वस्तीवरून, बचत गटातून हाताने केलेल्या वस्तू ऑनलाइन विकणाऱ्या हजारो माणसांची, त्यातही बायकांची, खरी अडचण इथे आहे. गिऱ्हाईक मिळतं, पैसेही लगेच मिळतात, पण दोनशे रुपयांची वस्तू पोचवायला शंभर रुपये लागणार म्हटल्यावर सौदा मोडतो.

गेल्या दहा वर्षांत या धंद्याची एक बाजू जवळजवळ पूर्ण सुटली आहे, ती पैशांची. 2016 मध्ये यूपीआय आलं आणि डहाणूच्या पाड्यावर बसून वारली चित्र काढणाऱ्याला गुवाहाटीच्या गिऱ्हाइकाचे तीनशे रुपये क्षणात, एक पैसा न कापता मिळू लागले. पूर्वी याच कामासाठी टपाल खात्याची व्ही.पी. होती. 1877 पासून या देशात व्ही.पी.ची सोय आहे. विक्रेत्याने वस्तू पाठवायची, पोस्टमनने दारात पैसे घेऊन ती द्यायची आणि पैसे मनीऑर्डरने विक्रेत्याकडे परत यायचे. मराठी घरांत पुस्तकं, औषधं, पंचांगं, दिवाळी अंक कितीतरी वर्षं असेच आले. म्हणजे घरबसल्या खरेदी-विक्री आपल्याकडे टपालानेच रुजवली. त्या जुन्या व्यवस्थेत पैसे यायला वेळ लागायचा, पण वस्तू पाठवणं स्वस्त होतं. आज बरोबर उलटं झालंय. पैसा फुकट आणि लगेच पोचतो, वस्तू मात्र महागात पोचते.

टपालाचं मूळ तत्त्व काय होतं हे इथे आठवायला हवं. 1854 साली हिंदुस्थानात पत्राला अंतर न बघता एकच दर लागू झाला. मुंबईहून पुण्याला काय आणि कलकत्त्याला काय, तिकीट तेच. दूर राहणाऱ्या माणसाला दूर असल्याचा दंड नको, हा त्यामागचा विचार होता. पार्सलच्या बाबतीतही हा विचार आपल्या आठवणीतल्या काळापर्यंत टिकून होता. साध्या पार्सलला पहिल्या अर्ध्या किलोला 19 रुपये, पुढच्या दर अर्ध्या किलोला 16 रुपये आणि रजिस्टर करायचं तर 17 रुपये वेगळे. अर्धा किलो वस्तू रजिस्टर करून देशात कुठेही 36 रुपयांत जात होती. ऑनलाइन विक्री करणाऱ्या पहिल्या पिढीतल्या कितीतरी जणींनी आपला धंदा या 36 रुपयांवर उभा केला. वस्तू आठवड्याने पोचायची, पण गिऱ्हाइकाला ते आधीच सांगितलेलं असायचं. तो जुना हिशेब आता राहिलेला नाही.

बदल टप्प्याटप्प्याने झाले, म्हणून त्यांचा एकत्रित परिणाम फारसा कुणाच्या डोळ्यांवर आला नाही. 18 जुलै 2022 पासून टपाल खात्याच्या बहुतेक सेवांवर जीएसटी लागू झाला. पोस्टकार्ड, आंतर्देशीय पत्र, बुकपोस्ट आणि दहा ग्रॅमच्या आतलं पाकीट एवढंच बाहेर राहिलं. पार्सलवर 18 टक्के कर आला. मोठा व्यापारी हा कर पुढच्या हिशेबात वळता करून घेतो. ज्या बाईची उलाढाल इतकी लहान आहे की तिला जीएसटी नोंदणीच लागत नाही, तिच्यासाठी मात्र तो कर सरळ खिशातून जातो. लहानाला जास्त आणि मोठ्याला कमी असा हा भार, आणि तो कुणी मुद्दाम टाकलेला नाही. नियम लिहिताना या विक्रेत्या कुणाच्या डोळ्यांसमोरच नव्हत्या.

डिसेंबर 2024 मध्ये छापील पुस्तकांसाठी असलेली स्वस्त नोंदणीकृत सेवा बंद झाली. वाचक, प्रकाशक, छोटे पुस्तकविक्रेते यांनी आवाज उठवला आणि 1 मे 2025 पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालं. 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये, पाच किलोला 100 रुपये, अंतर कितीही. टपाल जमिनीवरून, म्हणजे रेल्वे आणि मोटारीने जाणार, विमानाने नाही. माग काढता येतो. त्याच वर्षी रजिस्टर्ड पोस्ट ही दीडशे वर्षांहून जुनी सेवा स्पीड पोस्टमध्ये मिसळून गेली आणि 1 ऑक्टोबर 2025 पासून स्पीड पोस्टच्या कागदपत्रांचे दर वाढले. 2012 पासून पन्नास ग्रॅमला देशभर 35 रुपये पडत होते, ते 47 झाले. नोंदणीचे पाच रुपये आणि ओटीपी घेऊन वस्तू देण्याचे पाच रुपये, दोन्हींवर कर. तेरा वर्षांनी दर वाढवले याबद्दल खात्याला दोष देता येत नाही, डिझेल आणि पगार दोन्ही वाढले आहेत. पण त्या वेळी जाहीर झालेल्या सवलती पाहा. विद्यार्थ्यांना 10 टक्के, नव्या घाऊक ग्राहकांना 5 टक्के. कारागिराचा उल्लेख नाही.

माझं म्हणणं थोडक्यात असं. टपाल खातं महाग झालंय ही खरी तक्रार नाही. पत्र आणि पार्सल यांच्या मधला, हलक्या वस्तूंसाठीचा, सावकाश जाणारा पण माग काढता येणारा वर्ग आपल्याकडे नाही, ही तक्रार आहे. पुस्तकांसाठी तो वर्ग तयार करता आला, म्हणजे तो तयार करता येतो.

आता वस्तू काय काय असतात ते बघू, कारण दराचं सगळं गणित तिथे ठरतं. राखी दहा-वीस ग्रॅमची, टेराकोटाची कानातली डबीसकट शंभर ग्रॅमच्या आत, क्रोशाची बाहुली दोनशे ग्रॅम. पैठणी नीट घडी घालून चपट्या पाकिटात बसते. कोल्हापुरी चपलेचा जोड चपटा असतो पण जड. सावंतवाडीची लाकडी फळं आणि खेळणी हलकी, पण जागा खाणारी आणि टवका उडण्याची भीती असलेली. गोधडी तर दोन्हींकडून मारते, वजन आणि आकारही. ऑनलाइन विकलं जाणारं बरंचसं काम अर्ध्या किलोच्या आतलं असतं, आणि नेमक्या याच वजनाला बाजारात दराची पायरी नाही. खासगी कुरिअरचा किमान दर बहुधा अर्ध्या किलोचा असतो. त्यामुळे साठ ग्रॅमच्या कानातल्यांनाही अर्ध्या किलोचेच पैसे भरावे लागतात.

आकारमानाच्या वजनाबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण नव्याने विक्री सुरू करणाऱ्यांचे पैसे सगळ्यात जास्त इथे जातात. वाहतूकदार खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करतात आणि बहुतेक जण त्याला 5000 ने भागतात. जे उत्तर येईल ते आकारमानी वजन. ते आणि काट्यावरचं वजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे. वारली चित्र गुंडाळून साठ सेंटिमीटर लांब आणि आठ सेंटिमीटर जाड नळीत घातलं की काट्यावर तीनशे ग्रॅम भरतं, हिशेबात मात्र पाऊण किलोच्या वर जातं. लाकडी फळांची परडी 30 बाय 30 बाय 25 च्या खोक्यात घातली तर हिशेबाचं वजन साडेचार किलो, प्रत्यक्षात ती सव्वा किलोची असते. बुकिंग करताना कमी वजन टाकलं की महिनाभराने फरकाची रक्कम आगाऊ भरलेल्या खात्यातून परस्पर वळती होते आणि मग वाद घालत बसावं लागतं. खोका वस्तूच्या मापाचा असावा, वस्तू खोक्याच्या मापाची नव्हे, हे या धंद्यात पहिल्यांदा शिकावं लागतं. मुरलेल्या विक्रेत्या आता वस्तूच खोक्याकडे बघून घडवतात. झुंबर सुटं करून पाठवतात, चौकटीविना चित्र देतात, उशीचं कव्हर विकतात आणि आतला कापूस गिऱ्हाइकावर सोडतात.

टपालाला पर्याय म्हणून आज मुख्यतः दोन रस्ते आहेत. पहिला, एका पोर्टलवर नोंदणी करून अनेक कुरिअर कंपन्यांचे दर एकत्र बघायचे आणि त्यातला स्वस्त निवडायचा. शिपरॉकेटसारख्या मध्यस्थ कंपन्यांनी हे शक्य केलं आणि शहरातल्या छोट्या विक्रेत्याला त्याचा खरोखर फायदा झाला. माल घरून उचलला जातो, लेबल घरी छापता येतं, रांग नाही. पण दर ‘झोन’वर ठरतो. मुंबई ते बंगळूर स्वस्त, मुंबई ते ईशान्य भारत किंवा काश्मीर महाग, आणि आडगावाचा पिनकोड टाकला की कधी ‘सेवा उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं. पिनकोडची सहा आकडी पद्धत 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाली ती श्रीराम भिकाजी वेलणकर या कोकणातल्या माणसाच्या डोक्यातून. टपाल खात्यात मोठ्या पदावर असताना संस्कृत काव्य आणि नाटकं लिहिणारा हा माणूस. त्यांनी हे आकडे देशातला कुठलाही पत्ता टपालाच्या कक्षेत यावा म्हणून बांधले. आज कंपन्या तेच आकडे वापरून कुठे जायचं नाही ते ठरवतात.

दुसरा रस्ता अस्सल महाराष्ट्रीय आहे. एसटीच्या पार्सल ऑफिसातून डबा टाकायचा, किंवा ‘ट्रॅव्हल्सने’ पाठवायचा. कोकणातून आंब्याच्या पेट्या, कोल्हापूरहून चपला, येवल्याहून साड्या अशाच येतात. रात्री गाडीत ठेवलेला माल सकाळी पुण्या-मुंबईत मिळतो आणि पैसेही कमी पडतात. 2020 साली एसटी महामंडळ मालवाहतुकीतही उतरलं. मात्र गिऱ्हाइकाने स्टँडवर जाऊन माल आणायचा असतो. ओळखीच्या दुकानदाराला हे चालतं, ऑनलाइन पहिल्यांदाच खरेदी करणारी बाई बोरिवलीच्या नाक्यावर पहाटे उभी राहणार नाही. राज्याबाहेर तर हा रस्ता संपतोच.

उरतं टपाल. देशात एक लाख चौसष्ट हजारांहून जास्त डाकघरं आहेत, त्यांतली बहुसंख्य खेड्यांत. इतकं मोठं जाळं जगात कुठल्याच टपाल खात्याकडे नाही. ज्या गावात बँक नाही, कुरिअर नाही, तिथेही शाखा डाकघर असतं आणि तिथला ग्रामीण डाकसेवक विक्रेतीला नावाने ओळखत असतो. हे भांडवल कुठलीही खासगी कंपनी उभं करू शकणार नाही. म्हणूनच टपालातल्या उणिवा जास्त खुपतात. शाखा डाकघर दिवसातून काही तासच उघडं असतं. गाडी गावातून एकदाच जाते. नेटवर्क नसलं की बुकिंग थांबतं. काउंटरवरचा माणूस कामाच्या ओझ्याखाली असतो आणि वीस छोटी पाकिटं घेऊन आलेल्या बाईकडे त्याने कपाळाला आठ्या घालून बघितलं तर त्या आठ्यांमागे रिकाम्या राहिलेल्या जागा आणि बचत बँकेपासून आधारपर्यंत वाढत गेलेली कामं असतात. वस्तू हरवली तर देशांतर्गत स्पीड पोस्टची भरपाई म्हणजे भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा एक हजार रुपये, यांतलं जे कमी असेल ते. म्हणजे ऐंशी रुपये भरून पाठवलेली चार हजारांची पैठणी हरवली तर हातात एकशे साठ. विमा उतरवता येतो, पण ते काउंटरवर कुणी आपण होऊन सांगत नाही. महाग वस्तू पाठवणाऱ्या प्रत्येकीने तो मागून घ्यावा, असं मी आवर्जून सांगेन.

टपालाचा एक फायदा मात्र फार कमी विक्रेत्यांना ठाऊक आहे. हस्तकलेच्या ठरावीक यादीतल्या वस्तू परराज्यात विकणाऱ्या, वर्षाला 20 लाखांच्या आत उलाढाल असलेल्या कारागिराला जीएसटी नोंदणीतून सूट आहे. पॅन लागतो. मात्र नोंदणी नसलेल्या कारागिराने हस्तकलेचा माल परराज्यात नेताना, किंमत कितीही कमी असली तरी, ई-वे बिलाची अट येते. तिथे खासगी वाहतूकदार हात वर करतात. टपाल खात्याने वाहून नेलेला माल ई-वे बिलाच्या नियमातून वगळलेल्या यादीत आहे. व्हॉट्सअॅपवर किंवा इन्स्टाग्रामवर स्वतः विक्री करणाऱ्या लहान कारागिराला परराज्यात माल पाठवायला टपाल हा म्हणूनच सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग आहे. मोठ्या ऑनलाइन बाजाराच्या साइटवरून परराज्यात विकायचं असेल तर चित्र वेगळं, तिथे नोंदणी लागते. ऑक्टोबर 2023 पासून मिळालेली सूट राज्याच्या आतल्या विक्रीपुरतीच आहे. आपल्या वस्तूचं नाव यादीत आहे का, हे हिशेबनिसाकडून एकदा तपासून घेतलेलं बरं.

परदेशी टपालाची गोष्ट 2025 मध्ये पार उलटीपालटी झाली आणि तिची झळ मराठी घरांना थेट बसली. अमेरिकेत 800 डॉलरच्या आतल्या पार्सलवर आयात शुल्क नव्हतं. घरगुती विक्रेत्यासाठी ही सवलत म्हणजे अमेरिकेचं उघडं दार होतं. 29 ऑगस्ट 2025 पासून ती सगळ्या देशांसाठी बंद झाली. शुल्क कुणी, कसं गोळा करायचं हे स्पष्ट नव्हतं, विमान कंपन्या माल घेईनात, आणि भारतीय टपाल खात्याला 25 ऑगस्टपासून अमेरिकेकडे जाणारं वस्तूंचं टपाल थांबवावं लागलं. 27 ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. गौरीचे दागिने, मखराचं सामान, कापडी तोरणं, पुढे दिवाळीचे आकाशकंदील आणि फराळाचे डबे, या सगळ्याचा न्यू जर्सी आणि बे एरियातल्या मराठी गिऱ्हाइकांकडून येणारा हंगामच मधोमध तुटला. सेवा पुन्हा सुरू झाली ती 15 ऑक्टोबरला, धनत्रयोदशीच्या तीन दिवस आधी. नव्या पद्धतीत शुल्क पाठवतानाच इथे भरायचं असतं, सुरू झालं तेव्हा ते जाहीर किमतीच्या 50 टक्के होतं. अमेरिकी शुल्काचे आकडे सतत बदलत असल्यामुळे पाठवायच्या दिवशीच ते विचारून घ्यावेत. पद्धत मात्र चांगली आहे. पूर्वी गिऱ्हाइकाच्या दारात अचानक बिल यायचं, तो पार्सल नाकारायचा आणि वस्तू महिन्यांनी परत यायची किंवा तिकडेच राहायची. आता गिऱ्हाइकाला अंतिम किंमत आधीच सांगता येते.

ती सवलत जाण्याच्या आधीही एक दर वाढला होता, त्याचं कारण जिनिव्हात आहे. जागतिक टपाल संघ 1874 मध्ये बर्नला स्थापन झाला आणि भारत 1876 पासून त्याचा सभासद आहे. एका देशाचं टपाल दुसऱ्या देशात वाटण्यासाठी पहिला देश दुसऱ्याला ठरावीक रक्कम देतो. विकसनशील देशांसाठी ही रक्कम कमी ठेवलेली होती. चीनमधून येणाऱ्या लहान पाकिटांचा पूर आला तसं अमेरिकेने संघ सोडण्याची धमकी दिली. सप्टेंबर 2019 मध्ये जिनिव्हाच्या विशेष अधिवेशनात तोडगा निघाला आणि जुलै 2020 पासून अमेरिकेला बाहेरून येणाऱ्या लहान पाकिटांसाठी आपला दर आपण जाहीर करण्याची मुभा मिळाली. भांडण दोन बड्या देशांचं होतं, पण वाढलेला दर भारतातून रेशमी धाग्याच्या बांगड्या पाठवणारीलाही भरावा लागला.

युरोपचं दारही अरुंद होत चाललंय. 22 युरोच्या आतल्या वस्तूंची करमाफी जुलै 2021 मध्ये गेली. 13 डिसेंबर 2024 पासून युरोपीय संघात वस्तू विकणाऱ्या बाहेरच्या विक्रेत्याला तिथे एक जबाबदार प्रतिनिधी नेमावा लागतो, आणि वर्षाला चाळीस वस्तू विकणाऱ्याने तो पगारावर कसा ठेवायचा? 150 युरोच्या आतल्या मालावर 1 जुलै 2026 पासून तीन युरो शुल्क लावायचंही संघाने ठरवलं आहे. ब्रिटन, आखाती देश, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया इथल्या मराठी आणि भारतीय वस्त्यांकडे विक्रेत्यांनी वळावं, असं माझं मत यामुळेच झालंय. दोन किलोच्या आतल्या पाकिटासाठी टपालाची आंतरराष्ट्रीय ट्रॅक्ड पॅकेट सेवा कुरिअरपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते.

निर्यातीची कागदपत्रं सोपी करण्यात आपल्याकडे खरंच काम झालंय आणि त्याचं श्रेय द्यायला हवं. पूर्वी व्यापारी माल टपालाने परदेशी पाठवायचा म्हणजे मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या फॉरेन पोस्ट ऑफिसपर्यंत, सीमाशुल्क अधिकाऱ्यापुढे जावं लागायचं. 2022 पासून डाकघर निर्यात केंद्रं सुरू झाली, आज ती हजारावर आहेत. विक्रेत्याने 500 रुपये भरून आयात-निर्यात कोड काढायचा, घरून ऑनलाइन बिल भरायचं आणि जवळच्या केंद्रात पाकीट द्यायचं. सीमाशुल्काची तपासणी पुढे होते. ही कल्पना ब्राझीलच्या टपाल खात्याने पंचवीस वर्षांपूर्वी ‘एक्स्पोर्टा फासिल’ या योजनेत राबवली आणि लॅटिन अमेरिकेतल्या इतर देशांनी ती उचलली. मग मनात येतं, परदेशी माल पाठवणाऱ्या कारागिरासाठी जर वेगळी खिडकी करता आली, तर सांगलीहून रांचीला पाकीट पाठवणाऱ्या कारागिरासाठी का नाही?

बाहेर बघितलं तर हलक्या वस्तूंचा वेगळा वर्ग ही सर्रास गोष्ट आहे. जपानमध्ये ‘क्लिक पोस्ट’ आहे. तीन सेंटिमीटरपर्यंत जाडीचं आणि एक किलोपर्यंतचं पाकीट, देशभर एकच दर, पैसे ऑनलाइन भरून लेबल घरी छापायचं आणि पाकीट रस्त्यावरच्या टपालपेटीत टाकायचं. माग काढता येतो. काउंटर नाही, वजनकाटा नाही. ब्रिटनमध्ये अडीच सेंटिमीटर जाडीचं आणि 750 ग्रॅमपर्यंतचं ‘लार्ज लेटर’ पार्सलपेक्षा स्वस्त जातं, त्यामुळे तिथले कलाकार आपलं काम त्या फटीतून सरकेल इतकं चपटं करतात. दोन्हीकडे दर ठरवताना मुख्य कसोटी जाडीची आहे, कारण चपटं पाकीट पोस्टमनच्या पिशवीत पत्रांबरोबर जातं, त्याला वेगळी गाडी लागत नाही. वाहतुकीचा खर्च कुठे होतो याचा हा अचूक विचार आहे. पत्रं तर सगळीकडेच आटली आहेत. डेन्मार्कच्या टपाल कंपनीने 2025 च्या अखेरीस पत्रं वाटणंच बंद केलं. आपल्या पोस्टमनच्या पिशवीतही पूर्वीपेक्षा जागा आहे. त्या जागेत कानातली, राख्या, भरतकाम केलेले रुमाल, गंजिफाचे पत्ते बसतात.

म्हणून मागणी अशी करावी: ज्ञान पोस्टच्या धर्तीवर हस्तकलेसाठी एक वर्ग. जमिनीवरून वाहतूक, अंतर न बघता एकच दर, माग काढण्याची सोय. तीनशे ग्रॅमपर्यंत तीस आणि अर्ध्या किलोपर्यंत चाळीस रुपये, करासकट, असा दर मला वाजवी वाटतो. तो पुस्तकापेक्षा जास्त आहे, कारण वस्तू सांभाळून हाताळावी लागते. वेळ लागला तरी चालेल. वारली चित्र चार दिवस उशिरा मिळाल्याने कुणाचं काही बिघडत नाही.

यावर पहिला आक्षेप येणार: हस्तकला कुठली आणि कारखान्यातली वस्तू कुठली, हे काउंटरवरच्या माणसाने कसं ठरवायचं? त्याने ठरवू नयेच. शासनाकडे ही ओळख आधीच आहे. जीएसटीच्या नियमांत हस्तकलेची व्याख्या केलेली आहे. थोडंफार यंत्र वापरलं तरी मुख्यतः हाताने घडवलेली वस्तू ती हस्तकला. हस्तकला विकास आयुक्तांचं ‘पहचान’ ओळखपत्र कारागिरांना मिळतं. सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा व्यवसायांच्या कारागिरांची नोंद होते. ‘उमेद’ अभियानात बचत गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ अशी नोंदणीची उतरंड आहे. यांतला कुठलाही एक क्रमांक टाकला की सवलतीचा दर, आणि महिन्याला पाकिटांची मर्यादा ठेवली की व्यापाऱ्याने दुसऱ्याचं कार्ड वापरून घाऊक माल सोडण्याचा धोका आटोक्यात राहतो.

दुसरा आक्षेप तोट्याचा. तो गंभीर आहे. टपाल खातं तोट्यात आहे आणि प्रत्येक सवलत कुणीतरी भरून काढावी लागते. पण नोंदणीकृत वृत्तपत्रांना आणि मासिकांना खात्याने पिढ्यानपिढ्या नाममात्र दर दिला, कारण वाचन पसरावं हे देशाच्या हिताचं मानलं गेलं. मराठी मासिकांचं जग त्या सवलतीवर वाढलं, हा लेख वाचणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. हाताच्या कामातून खेड्यात चार पैसे येणं हेही तितकंच हिताचं आहे. शिवाय गाडी कोल्हापूरहून निघणारच आहे, भरलेली असो वा अर्धी. हलकी पाकिटं त्या अर्ध्या गाडीत बसतील, आणि आज जी विक्री दरामुळे होतच नाही तिचं हशील खात्याला नव्याने मिळेल.

दर बदलेपर्यंत विक्रेत्यांना स्वतःही एक गोष्ट करता येते. महिन्याला ठरावीक रकमेचं टपाल देणाऱ्या ग्राहकाला खातं करार करून सवलत देतं आणि माल उचलायलाही येतं. एकटीची दहा पाकिटं त्या मर्यादेत बसत नाहीत, पण प्रभागसंघातल्या तीस-चाळीस जणींची मिळून बसतात. एक खातं, एक वजनकाटा, एक लेबलचा प्रिंटर आणि आठवड्यातून दोन ठरलेले दिवस. खोके एकदम घेतले तर तेही स्वस्त पडतात. यात एका बाईचा वेळ जातो, तिला त्याचा मोबदला दर पाकिटामागे काढून द्यायला हवा, नाहीतर ही व्यवस्था दोन महिन्यांत मोडते.

खात्याला आधी प्रयोग करून बघायचा असेल तर त्यासाठी महाराष्ट्रासारखी जागा नाही. कोल्हापुरी चपलेला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून. जड वस्तूंसाठी हे आठ जिल्हे घ्यावेत. चित्रांसाठी पालघर, नाजूक लाकूडकामासाठी सावंतवाडी, कापडासाठी येवला आणि पैठण. राखीपौर्णिमेपासून संक्रांतीपर्यंतचा हंगाम धरून या ठिकाणच्या डाकघरांत हा दर लावावा आणि तीन गोष्टी मोजाव्यात: किती नवे विक्रेते आले, किती पाकिटं फुटली किंवा हरवली, आणि रोजच्या गाडीत त्यासाठी जादा जागा लागली का. आकडे महिन्याच्या महिन्याला डाकघराच्या फलकावर लावावेत, म्हणजे कारागिरांनाही ते वाचता येतील आणि पुढचा दर ठरवताना त्यांनाही बोलता येईल.